सेवा केंद्राच्या संगणकाला मेमरी किती लागते : 8 जीबीची पट्टी वाढवल्यानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, आमच्या गावी मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. केंद्रातल्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा आय3-8100 प्रोसेसर, फिरती हार्डडिस्क आणि 4 जीबी मेमरी (रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारी जागा) होती. एरवी सातबारा किंवा उत्पन्नाचा दाखला काढण्यापुरता तो बरा चाले. परंतु 2025 च्या जुलैत पीक विम्यासाठी सकाळपासून कास्तकारांची रांग लागली, तेव्हा एकेक पान उघडायला मिनिट-मिनिट जाऊ लागले आणि दारातून विचारणा होऊ लागली, "काय भाऊ, पुन्हा अटकलं काय?" डवरणीची कामे टाकून आलेल्या माणसांना असे ताटकळत ठेवणे मला सहन होईना. म्हणून त्याच महिन्यात किंग्स्टन कंपनीची 8 जीबीची डीडीआर4 (मेमरीची चौथी पिढी) पट्टी घेतली.

घेण्याआधी तालुक्याच्या एका दुकानात विचारले असता, "16 जीबीचा नवीन संगणकच घ्या," असा सल्ला मिळाला. माझे काम काय, हे मात्र तिथे कोणी विचारले नाही. मेमरी किती हवी, हे आपल्या सर्वांत गर्दीच्या तासावरून ठरवावे, असे माझे मत आहे. त्या तासात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि त्यातला मेमरीचा आलेख पाहिला. क्रोममध्ये नऊ-दहा टॅब, कागदपत्रांचे स्कॅनिंग, बोटांच्या ठशांचे यंत्र आणि पासपोर्ट फोटोसाठी फोटोशॉप, एवढे सगळे चालू असताना मेमरी काठोकाठ भरलेली होती आणि हार्डडिस्क सतत शंभर टक्क्यांवर होती. खरे दुखणे या दुसऱ्या आकड्यात आहे. मेमरी पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला काही भाग हार्डडिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. मेमरीतून माहिती मिळायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो, तर फिरत्या हार्डडिस्कवर ती शोधायला सुमारे शंभरावा भाग लागतो. ज्या संगणकाला आपण हळू म्हणतो, तो बहुतेक वेळा या ने-आणीतच अडकलेला असतो.

पट्टी बसवायला दहा मिनिटेही लागली नाहीत. वीज पूर्ण बंद करावी, हातातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करावा, खाच जुळवावी आणि दोन्ही बाजू खटकन बसेपर्यंत दाबावे. डीडीआर3 आणि डीडीआर4 यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या जागेत बसत नाही. लॅपटॉपची पट्टी तर लांबीलाच कमी असते. दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत नेली, तर चुकीचा माल पदरी पडत नाही. माझी नवी पट्टी 2666 च्या वेगाची आहे, पण हा प्रोसेसर ती 2400 वरच चालवतो. त्याने काही बिघडत नाही.

खरी अडचण त्यानंतर आली. संगणक सुरू केल्यावर 12 जीबी मेमरी दिसली खरी, पण वापरण्याजोगी फक्त 3.4 जीबी. संगणक जोडून देणाऱ्याने त्यात 32 बिटांची विंडोज टाकली होती आणि ती 4 जीबीच्या पलीकडची मेमरी वापरू शकत नाही. म्हणजे पैसे खर्चूनही माझ्या हाती काहीच आले नव्हते! 32 वरून 64 बिटांवर जाण्यासाठी विंडोज नव्यानेच टाकावी लागते. त्यामुळे सगळ्या फाइली बाहेर काढल्या आणि थेट विंडोज 11 टाकली, कारण ती 64 बिटांचीच असते आणि विंडोज 10 साठीचे मायक्रोसॉफ्टचे सहाय्य 14 ऑक्टोबर 2025 ला संपणारच होते. ठशांच्या यंत्राचे ड्रायव्हरही (यंत्र संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर) नव्याने घालावे लागले. या सगळ्यात केंद्राचा एक पूर्ण दिवस गेला. मेमरी घेण्याआधी सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम'खाली 'अबाउट' या पानावर बिटांचा आकडा पाहून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्या गर्दीत पुन्हा मोजणी केली. तेवढ्याच कामाला साधारण साडेसहा जीबी लागत होते आणि अर्ज भरताना थांबावे लागत नव्हते. म्हणजे माझ्या कामाला एकूण 8 जीबीही पुरली असती. 12 मुळे थोडी ऐसपैस जागा मिळाली आणि 16 घेऊन आणखी वेग मिळाला नसता. मेमरी जास्त असली की विंडोज ती आपणहून अधिक वापरते, त्यामुळे आकडा थोडा वाढलेला दिसला म्हणून घाबरू नये. जुनी 4 आणि नवी 8 अशा असमान पट्ट्यांची जोडी परिपूर्ण नसते. त्यात 4 अधिक 4 एवढा भाग जोडीने दुप्पट रुंदीने चालतो, म्हणजे दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी माहिती येते, आणि उरलेला एकेरी. माझ्या कामात तो फरक जाणवलेला नाही. लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्याने मात्र 16 पासूनच सुरुवात करावी आणि दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात.

2025 च्या अखेरीपासून मेमरीचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त घेणे आता अधिकच महाग पडते. एक उणीव राहिली आहे. सकाळी संगणक सुरू व्हायला अजूनही तीन-चार मिनिटे लागतात, कारण ते काम हार्डडिस्कचे आहे आणि मेमरी वाढवून ते सुटत नाही. पुढच्या खरिपाआधी तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणार आहे.