टाकल्याची वही: चौघांच्या सामाईक जेवणाचे नऊ महिने

चौघांचं एक स्वयंपाकघर, एक छोटा फ्रिज आणि महिन्याच्या जेवणासाठी ठरलेली एकच रक्कम. तिच्यावर एक पैसाही चढवायचा नाही, आणि तरी नीट जेवायचं. या पद्धतीला आता नऊ महिने झाले. पहिले दोन महिने आम्ही सपशेल आपटलो. तिसऱ्या महिन्यापासून घडी बसत गेली आणि हल्ली महिनाअखेरीला डब्यात थोडे पैसे उरतात. मधल्या काळात वजनकाटा, कुकर, फ्रीझर, वही हे सगळं रोज हाताळलं, तेव्हा कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही ते सविस्तर लिहिते.

आधी आपटलो कसे ते सांगते. सुरुवातीला ज्याला जे दिसेल ते त्याने आणायचं, मोबाइलमधल्या ॲपवर टाकायचं आणि महिन्याच्या शेवटी चार वाटे करायचे, असं ठरलं होतं. ऐकायला अगदी न्याय्य. प्रत्यक्षात एकाच संध्याकाळी तिघांनी दूध आणलं आणि ब्रेड कुणीच नाही. जो तो आपल्या आवडीचं आणू लागला, पैसे मात्र चौघांचे. वीस तारखेलाच ठरलेली रक्कम संपली आणि उरलेले दिवस आम्ही नुसत्या डाळभातावर काढले. मग कुरबुर सुरू झाली. मी आठवडाभर बाहेर जेवले, मग माझा वाटा एवढाच का? तू रोज दोन अंडी खातोस, मी एक. यावर तोडगा म्हणून आम्ही फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला: ज्याने अंडं घेतलं त्याने आपल्या नावापुढे रेघ मारायची.

तो कागद मला अजून आठवतो. एका रात्री आमचा एक मित्र उशिरा थकून आला, त्याने अंडं उकडलं, सोललं, ताटलीत ठेवलं आणि मग काहीतरी आठवून पुन्हा उठला. ओल्या हाताने पेन घेऊन रेघ मारली. आम्ही तिघं आपापल्या ताटात बघत बसलो. कुणी काही बोललं नाही, पण त्याच रात्री तो कागद आम्ही काढून टाकला. कोणी किती खाल्लं याचा हिशेब एका घरात ठेवायचा नाही, हे तेव्हाच ठरलं.

मग पैसे जातात कुठे? खाण्यात तर एवढे जात नव्हते. म्हणून एक आठवडा आम्ही प्रयोग केला: कचऱ्यात टाकण्याआधी प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवायची. सालं, देठ, टरफलं धरायची नाहीत, फक्त जे खाता आलं असतं ते. सात दिवसांत साडेतीन किलोच्या जवळपास भरलं. त्यात अर्धा कोबी होता, लिबलिबीत झालेली पालेभाजी होती, दोनदा भात होता, आंबलेलं दही होतं. वाईट वाटलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात म्हटलंय की 2022 साली जगभरात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतलं होतं. माणशी वर्षाला 79 किलो, म्हणजे आमच्यासारख्या चौघांचे आठवड्याला सहा किलो. त्या आकड्यात सालं आणि हाडंही धरलेली असतात. आम्ही ती धरली नव्हती, त्यामुळे आपण बरे असं म्हणायची सोय नव्हती.

तेव्हापासून ती वही आहे. शंभर पानी, साधी. चार रकाने: तारीख, वस्तू, वजन, कारण. नावाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. कारणं चारच आणि ठरलेली: विसरलं, जास्त शिजलं, जास्त आणलं, आवडलं नाही. मला विचाराल तर या सगळ्या उठाठेवीत सर्वात मोलाची वस्तू ही वहीच आहे, कारण ती कुणाकडे बोट न दाखवता पुढच्या आठवड्याची खरेदी सुचवते. पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त नोंदी ‘विसरलं’ अशा होत्या. उपाय साधा निघाला. फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरच्या कप्प्यात एक उघडा ट्रे ठेवला आणि त्यावर ‘आधी हे’ असं लिहिलं. अर्धा कांदा, उघडलेलं दही, कालची उसळ असं सगळं तिथेच. पुढच्या महिन्यात ‘विसरलं’ एकदम कमी झालं आणि ‘जास्त शिजलं’ वर आलं.

त्यासाठी वजनकाटा कामी आला. हा काटा केक करायला म्हणून आणला होता, आता रोज लागतो. अंदाजाने तांदूळ घेतले की भात हमखास उरतो, भूक लागलेली असताना तर जास्तच. आम्हा चौघांना रात्री माणशी 75 ग्रॅम तांदूळ पुरतो. कोरडी कडधान्यं शिजून वजनाने दुप्पट ते अडीचपट होतात, त्यामुळे माणशी 60 ग्रॅम घेतली तरी वाटी भरते. तुमचे आकडे वेगळे येतील. दोन आठवडे मोजा, नंतर हातालाच कळायला लागतं. सेल संपले की मात्र हा काटा चुकीचं वजन दाखवतो. आमची त्यात एकदा फसगत झाली, म्हणून अधूनमधून एक किलोचं पाकीट ठेवून खात्री करून घेते.

पैशांची पद्धतही बदलली. आता एक तारखेला चौघं सारखी रक्कम आधीच डब्यात टाकतो. साठवणीच्या मालासाठी, म्हणजे तांदूळ, डाळी, कडधान्यं, पीठ, तेल, मीठमसाला यांच्यासाठी, अर्ध्याहून थोडे जास्त पैसे लगेच बाजूला काढतो. उरलेले चार पाकिटांत, आठवड्याला एक. पाकीट रिकामं झालं की त्या आठवड्याची खरेदी संपली. सलग सात दिवसांपेक्षा जास्त बाहेर असेल त्याचा वाटा कमी होतो, एरवी वजावट नाही. पाहुणा आणणाऱ्याने स्वतःच्या पैशाने एखादी वस्तू आणायची. एवढेच नियम. याहून जास्त नियम केले तेव्हा ते कुणी पाळलेही नाहीत आणि त्यावरून भांडणं मात्र झाली.

चौथ्या महिन्यात प्रोटीनवरून वाद झाला, तो सांगण्यासारखा आहे. आमच्यातला एक जण व्यायामाला जातो. सामाईक पैशातून प्रोटीन पावडर आणावी असं त्याचं म्हणणं होतं. नुसतं नाही म्हणण्यापेक्षा आम्ही कागद घेऊन बसलो. जागतिक आरोग्य संघटना आणि सोबतच्या संस्थांच्या 2007 च्या अहवालानुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. 60 किलोच्या माणसाला म्हणजे 50 ग्रॅम. 100 ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात 20 ते 25 ग्रॅम, एका अंड्यात साधारण 6. दिवसभराच्या धान्यातूनही बरंच मिळतं, ते कुणी मोजतच नाही. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं लायसिन धान्यात कमी असतं ते डाळीतून भरून निघतं, मेथिओनिन डाळीत कमी असतं ते धान्यातून. दोन्ही एकाच जेवणात हवं असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं म्हणजे झालं. जड व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं हे खरं, म्हणून त्याची पावडर त्याच्या खिशातून आणि अंडी सगळ्यांच्या, असं ठरलं. तोही खूश, आम्हीही.

पण त्या कागदावरून आणखी एक गोष्ट कळली. कमी पैशात प्रथिनं जमतात, अडतं ते भाजी आणि फळांवर. दिवसाला माणशी किमान 400 ग्रॅम भाज्या-फळं खावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही मोजलं तेव्हा दोनशेच्या आसपास होतो. पोट भरत होतं, पण नीट जेवत नव्हतो. तेव्हापासून आठवड्याच्या पाकिटातले पैसे आधी भाजी-फळांना, मग बाकी सगळं. कोबी, गाजर, भोपळा यांसारख्या टिकणाऱ्या भाज्या आठवड्याच्या शेवटासाठी राखायच्या आणि पालेभाजी आणल्यापासून दोन दिवसांत संपवायची. गोठवलेल्या मटारबद्दल माझ्या मनात अढी होती, ती गेली. काढणीनंतर लवकरच गरम पाण्यातून काढून ते गोठवतात, त्यामुळे सत्त्व बरंचसं टिकतं, आणि लागतील तेवढेच घेता येतात. वहीत मटारची एकही नोंद नाही.

कुकरबद्दल. कमी पैशात जेवणाऱ्याने एकच भांडं घ्यायचं असेल तर हे घ्यावं असं मी मनापासून सांगेन. आत बाहेरच्यापेक्षा साधारण एका वातावरणाइतका जास्त दाब तयार होतो आणि पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून उघड्या पातेल्यात तास-दीड तास घेणारी भिजवलेली कडधान्यं निम्म्याहून कमी वेळात शिजतात आणि इंधन वाचतं. देनी पापँ या शास्त्रज्ञाने 1679 मध्ये असं पहिलं भांडं दाखवलं, ते टणक हाडं मऊ करून स्वस्तातल्या जिनसांमधून पोषण काढण्यासाठी. आम्हीही त्याच कामाला वापरतो आहोत हे वाचून मला फार आवडलं होतं.

कुकरचीच एक वाईट आठवणही आहे. सहाव्या महिन्यात त्याची रिंग सैल झाली. नवी आणेपर्यंत राजमा जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवला. दाणे थोडे टचटचीत राहिले होते, पण भूक लागली होती, खाल्ले. तीन तासांच्या आत आमच्यापैकी तिघांना उलट्या सुरू झाल्या. नंतर समजलं की कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा घटक असतो आणि तो मंद आचेवर नष्ट होत नाही. राजमा निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, हे करावंच लागतं. आता कुकरची जास्तीची रिंग घरात असते, आणि दाणा बोटांनी सहज चिरडला जात नाही तोवर कुणी वाढून घेत नाही.

भाताचंही तसंच. आमचा रात्रपाळीचा मित्र एक वाजता येतो, त्याच्यासाठी भात ओट्यावर झाकून ठेवायचो. ते बंद केलं. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आता त्याचा भात पसरट डब्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये जातो.

न जमलेल्या गोष्टींत घाऊक खरेदी पहिली. स्वस्त पडतं म्हणून एकदा मोठं पोतं पीठ आणलं आणि तळाच्या तीन किलोंना कीड लागली. त्या दिवशीची वहीतली नोंद अजूनही सर्वात मोठी आहे. घाऊक माल महिन्यात संपणार असेल तरच आणायचा, डाळी-तांदूळ चालतात, पीठ आणि तेल नाही. फ्रीझर लहान असल्याने शिजवलेली कडधान्यं पाव किलोच्या पिशव्यांत चपटी करून ठेवतो आणि पिशवीवर तारीख लिहितो. तारीख नसलेली पिशवी शेवटी कचऱ्यातच जाते. वेळही लागतो, हे लपवणार नाही. खरेदी, भिजत घालणं, निवडणं, मोजणं यात आठवड्याचे काही तास जातात. पाळ्या लावून पाहिल्या, त्यातली फक्त ‘रात्री भिजत घालायचं कुणी’ ही पाळी टिकली, कारण ती चुकली की दुसऱ्या दिवशीचं जेवणच बिघडतं.

पाचव्या महिन्यात सगळ्यांना एकसुरी जेवणाचा कंटाळा आला होता. तेव्हापासून गुरुवारची झाडझूड सुरू झाली, आणि आठवड्यातलं माझं सर्वात आवडतं जेवण तेच. ‘आधी हे’चा ट्रे ओट्यावर पूर्ण रिकामा करायचा. मागच्या गुरुवारी त्यात वाकणारी दोन गाजरं, कोबीचा कठीण गाभा, अर्धा कांदा, एक बटाटा आणि मूठभर मसूर निघाले. कांदा चांगला पंधरा मिनिटं मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतायचा, सगळा स्वाद तिथेच तयार होतो. मग बाकीचं बारीक चिरून त्यात, मसूर, पाणी, कुकर बंद. उघडल्यावर रवीने थोडं घोटायचं, आणि गॅस बंद केल्यावरच लिंबू पिळायचं. क जीवनसत्त्व शिजवताना बरंच कमी होतं आणि मसुरातलं लोह अंगी लागायला ते हवं असतं. रात्रपाळीच्या मित्राने त्या दिवशी सुट्टी घेतली होती, तो तीन वेळा वाढून घेऊन जेवला. एरवी त्याच्यासाठी बाजूला ठेवावं लागणारं पातेलं आम्ही त्याच्यासमोर रिकामं होताना पाहिलं.

कालच्या पानावर एकच नोंद आहे: ब्रेड, 60 ग्रॅम, जास्त आणलं. शनिवारी छोटं पाकीट आणायचं ठरलंय.