बाथ सॉल्ट, म्हणजे अंघोळीच्या पाण्यात टाकायचं मीठ घ्यायचंय? एप्सम, मृत समुद्राचं, गुलाबी की आपलं गोव्याच्या मिठागरातलं मीठ

आधी हे ठरवा की कोरड्या कातडीसाठी हवंय की दुखऱ्या पायांसाठी, कारण सगळ्या पाकिटांवर त्वचा आणि वेलनेस असंच छापलेलं असतं आणि आतला माल मात्र पार वेगळा असतो.

कातडी कोरडी, खाजरी असेल तर मी मृत समुद्राचं मीठ घ्या म्हणेन, महाग असलं तरी. त्यात साधं सोडियम क्लोराइड (म्हणजे आपलं खायचं मीठ) कमी आणि मॅग्नेशियम क्लोराइड जास्त. २००५ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात एटोपिक (ऍलर्जीच्या प्रवृत्तीची) कोरडी त्वचा असलेल्यांचा एक हात या मिठाच्या ५ टक्के पाण्यात आणि दुसरा साध्या नळाच्या पाण्यात १५ मिनिटं बुडवला, तर मिठाच्या पाण्यातल्या हाताची कातडी जास्त ओलसर राहिली, लाली पण कमी झाली. आता ते ५ टक्के म्हणजे किती ते बघा, लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे २०० लिटरचा बाथटब भरला तर १० किलो मीठ लागणार, आणि पाकिटावर लिहिलेलं असतं कपभर टाका! म्हणून आपल्याकडे बहुतेक घरांत बाथटब नाही त्याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका, ५ लिटर पाण्याच्या छोट्या टबात पाव किलो टाकून नुसते हात किंवा पाय बुडवले की तेवढं प्रमाण आरामात जमतं.

दिवसभर उभं राहून पाय भरून येत असतील तर एप्सम. हे खायचं मीठ नव्हे, मॅग्नेशियम सल्फेट आहे, नाव इंग्लंडमधल्या एप्सम गावावरून पडलंय. त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून आत जाऊन स्नायू मोकळे करतं असं सगळे सांगतात पण त्याला पुरावा फार कमी आहे, बरं वाटतं ते मुख्यतः कोमट पाण्यामुळे. तरी स्वस्त आहे, फार्मसीत मिळतं, घ्यायला हरकत नाही. फक्त आय.पी. (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधाच्या दर्जाचं) लिहिलेलं बघून घ्या, कुळागरात (बागायतीत) माडांना घालायचं मॅग्नेशियम सल्फेट घरात आहे म्हणून तेच टबात ओतू नका, ते खताच्या ग्रेडचं असतं.

गुलाबी मिठावर मात्र मी पैसे घालणार नाही. ८४ खनिजं वगैरे लिहितात पण ९५ टक्क्यांच्या वर साधं सोडियम क्लोराइडच, गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, बाकी खनिजं नावापुरती. आणि हे मुख्यतः पाकिस्तानातल्या खेवडा खाणीतलं, २ मे २०२५ पासून तिथून आयातच बंद आहे, त्यामुळे नवीन पाकिटावर माल कुठला लिहिलाय ते नक्की वाचा.

त्यापेक्षा पेडण्यातल्या आगरवाड्याचं किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं जाडं मीठ घ्या ना. ते पण मुख्यतः सोडियम क्लोराइडच, मॅग्नेशियम थोडंसंच, कारण आगरात मीठ आधी धरतं आणि मॅग्नेशियम बरंचसं मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतं. पण नुसते पाय शेकायला गुलाबीइतकंच काम करतं, आणि आपली मिठागरं एकेक करून बंद पडतायत, तेव्हा चार पैसे आगरवाल्याच्या हातात गेलेले मला तरी जास्त आवडतील. खडे जाडे असतात, चेहऱ्यावर घासू नका.

कुठलंही घेतलंत तरी पाणी कोमटच ठेवा, कढत पाण्याने कातडी अजून सुकते. नंतर टिपून ओलसर अंगावरच खोबरेल लावा. भेगा, जखम असेल तर थांबा, आणि डायबिटीसमुळे पायाला नीट कळत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय बुडवूच नका, पाणी किती गरम आहे तेच समजत नाही. खाज सुटणाऱ्यांनी सेंट आणि रंगवालं पाकीट घेऊ नये.

आणि मृत समुद्राचं घेणार असाल तर छोटं पाकीट घ्या, मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी भराभर ओढतं, गोव्याच्या पावसात उघडं राहिलं की त्याचं पाणीच होतं, घट्ट झाकणाची बरणी हवीच.