पेट्रोलचं झाकण उघडेना आणि ४,०५० रुपयांचा चुना

सांगली मिरजेकडं गाडी घेऊन येणाऱ्यांनी हे जरा वाचा, विशेषतः दवाखान्याच्या कामासाठी बाहेरगावाहून येणाऱ्यांनी, कारण अशी घाईतली माणसंच फसवणाऱ्या गॅरेजवाल्यांना बरोबर सापडतात.

विषय एकदम फालतू आहे, पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण. ड्रायव्हर सीटशेजारी खाली जो छोटा लिव्हर असतो तो ओढला की आतली केबल ओढली जाऊन झाकण टक्कन वर येतं, आमचं यायचं बंद झालं. आम्ही तासगावकडचे, गाडी एमएच १०, पेट्रोलवरची साधी हॅचबॅक. आईला मिरजेत डॉक्टरांना दाखवायचं होतं, अपॉइंटमेंट अकराची, वाटेत विश्रामबागच्या अलीकडं पंपावर थांबलो तर लिव्हर ओढतोय, आवाज येतोय पण झाकण काय हलेना. काटा पार खाली, मागं गाड्यांची रांग, हॉर्न चालू. पंपावरचा पोरगा म्हणाला, "दादा, इथं जवळच गॅरेज आहे, फोन लावू का, माणूस इथंच येतोय." लावला. पाच मिनिटात माणूस हजर. (त्या पोराला त्यातलं काही मिळतं का नाही देव जाणे, पण नंबर त्याला पाठ होता.)

आलेला माणूस बोलायला एकदम गोड. पहिलं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मग म्हणतोय, "साहेब, पुरात होती का गाडी?" आता सांगलीत हा प्रश्न विचारला की माणूस निम्मा तिथंच घाबरतो, २०१९ आणि २०२१ चं पाणी इथं कोण विसरलंय. मी म्हणालो, अहो गाडी २०२२ ला शोरूममधनं नवीन घेतलीय आणि आमच्याकडं पुराचं पाणी येतच नाही. तर म्हणे, "मग दमटपणानं केबल सडली असणार, आतनं गंज धरतोय." म्हणजे उत्तर काहीही द्या, निदान आधीच ठरलेलं.

मग त्यानं लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला फटीत आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकून झाकण उचकटलं. कडेचा रंग गेला, झाकण वाकलं. आतलं टोपण फिरवल्यावर फुस्स झालं, लगेच "बघा, टाकीत गॅस धरलाय, टाकी उतरवून साफ करावी लागंल, साडेतीन हजार." तेवढं मी नाही म्हणालो. उन्हात उभ्या गाडीचं टोपण उघडलं की आतल्या वाफेच्या दाबानं थोडा फुस्स आवाज येतोच, त्यात आजार काही नाही.

पेट्रोल भरून झालं, पण झाकण आता बसेना आणि आईची वेळ होत आलेली. तो म्हणाला गाडी गॅरेजला लावा, तुम्ही रिक्षानं दवाखान्यात जाऊन या, येईपर्यंत तयार ठेवतो. आम्ही आलो तर गाडी तयार, झाकण ठोकून सरळ केलेलं, हातात कागद. केबल ८५०, लॉक ६५०, नवीन टोपण ७५०, मजुरी १२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६२१, झाले ४,०७१, "तुम्ही ४,०५० द्या साहेब". कागदावर वर छापलंय एस्टिमेट, बिल नाही, आणि जीएसटी नंबर कुठंच नाही. वरनं एका पिशवीत जुनी केबल दिली, गंजलेली, तुटायला आलेली, "बघा कसली झाली होती". जुना पार्ट हातात दिला की आपल्याला वाटतं माणूस सरळ आहे. हाच त्यांचा खरा डाव.

नंतर गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. मागच्या सीटवर बसलं की जास्तच. म्हणून मिरजेत आमच्या मेव्हण्याच्या ओळखीचे एक वयस्कर मेकॅनिक चाचा आहेत त्यांच्याकडं नेली. त्यांनी टोपण फिरवून बघितलं, कट कट कट असा आवाज यायला पाहिजे तो येतच नव्हता, नुसतं गुळगुळीत फिरत होतं. डुप्लिकेट. रबर नीट बसत नाही म्हणून वाफ बाहेर येतेय. मग आमचं कंपनीचं ओरिजिनल टोपण गेलं कुठं, तर ते त्या गॅरेजवाल्यानं ठेवून घेतलं.

चाचांना मी केबलची पिशवी दाखवली. त्यांनी केबल बाहेर काढली, एक टोक लिव्हरपाशी धरलं आणि मला म्हणाले दुसरं टोक धरून मागं चाला. मी चाललो. केबल मागच्या सीटपर्यंतच संपली! झाकण त्याच्याही मागं, तेही गाडीच्या दुसऱ्या बाजूला. चाचा तिथंच हसायला लागले, म्हणाले बेटा ही मोटरसायकलची क्लचची केबल आहे. टोकाला शिशाचा गोळा होता, आमच्या लिव्हरला तसलं काही लागतच नाही.

मग त्यांनी ड्रायव्हरच्या दाराखालची प्लास्टिकची पट्टी उचकटून दाखवली. ही केबल लिव्हरपासनं त्या पट्टीखालनं, कार्पेटखालनं मागं जाते, बदलायची म्हणजे पट्ट्या काढा, कार्पेट उचला, मागची सीट काढा, चांगलं दोन तासांचं काम. आमच्या पट्टीचे क्लिप शोरूममधनं आले तसेच, खाली धूळ जशीच्या तशी, केबलला कंपनीची टेप. म्हणजे ८५० रुपये नुसते हवेत. लॉकही जुनंच, उलट त्यातच खरा बिघाड होता. झाकणाच्या आत एक छोटी पिन असते, लिव्हर ओढला की ती मागं सरकते. आमच्याकडं रस्ते मुरमाचे, त्यात सर्व्हिसिंगला प्रेशरनं पाणी मारतात, ती सगळी माती पिनेत जाऊन बसलेली, म्हणून पिन अर्धीच सरकत होती. त्या गॅरेजवाल्यानं वरनं ऑइल मारून तात्पुरतं चालू करून दिलेलं, ऑइलवर धूळ चिकटते म्हणजे थोड्या दिवसांनी परत तेच. चाचांनी पिन साफ केली, सिलिकॉन स्प्रे मारला आणि घेतले शंभर रुपये, तेही मी बळंच दिले.

आणि हो, असं अडकलं तर पंपावरच करून बघण्यासारखं चाचांनी सांगितलं ते लिहितो. एकानं लिव्हर ओढून धरायचा आणि दुसऱ्यानं त्याच वेळी झाकण तळहातानं आत दाबून सोडायचं, दोन चारदा. नाही आलं तर लिव्हर ओढलेलाच ठेवून फटीत जुनं एटीएम कार्ड घालून हळू उचलायचं. बऱ्याचदा पिन सरकलेली असते पण झाकण वर ढकलणारी पट्टी नाहीतर स्प्रिंग मऊ पडलेली असते, मग एवढ्यानं येतं. काही गाड्यांना डिकीत आतल्या बाजूनं हात घालून लॉक सोडवता येतं, मॅन्युअलमध्ये असतं बघा. ज्यांच्या टोपणालाच चावी आहे त्यांनी चावी जोर लावून फिरवू नका, आत मोडते, आणि कुलपात खोबरेल बिबरेल घालू नका, ग्रॅफाइट पावडर घाला. लोखंडी हत्यार आणि हातोडी पेट्रोलपाशी कुणालाच चालवू देऊ नका, ठिणगी पडली तर झाकण राहील बाजूला.

मी पिशवी घेऊन परत त्या गॅरेजला गेलो. आधी म्हणाला गॅरेजमधल्या पोरानं चुकून दुसऱ्या गाडीची केबल दिली. म्हटलं बरं, मग नवीन टाकलेली कुठली ते दाखव, पट्टी मी उघडतो. मग आवाज चढला, "एवढ्यासाठी कोण येतंय का". मी म्हणालो जीएसटी घेतलास तर नंबर सांग, १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, आत्ता मोबाईलवर बघतो. नंबर नव्हताच. ज्याची नोंदणीच नाही त्याला जीएसटी घेता येत नाही. तिथंच उभा राहून १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावायला घेतला, तसा तो खाली आला. केबल, लॉक आणि जीएसटीचे मिळून २,१०० परत दिले. मजुरी देणार नाही म्हणाला. टोपण मागितलं तर भंगारात गेलं म्हणे.

आता उरलेल्यासाठी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. एस्टिमेटचा कागद, केबल, डुप्लिकेट टोपण आणि पट्टीखालच्या धुळीचे फोटो सगळं एका पिशवीत ठेवलंय. पैसे यूपीआयनं दिले होते त्यामुळं तारीख, रक्कम, नाव सगळं आहे. रोख दिले असते तर तो मला ओळखतच नाही म्हणाला असता.