नाट्यपदापर्यंत थेट नेणारी डीव्हीडी : ‘डीव्हीडीस्टायलर’चे परीक्षण

गोव्यात देवळाच्या उत्सवात गावातल्याच कलाकारांनी मराठी नाटक उभे करण्याची परंपरा अजून जिवंत आहे, आणि हल्ली अशा प्रयोगाचे चित्रीकरण करून ठेवणारा कोणी ना कोणी मंडळात असतोच. अडचण त्याच्या पुढची आहे. चित्रीकरण संगणकावर एमपी४ फाइलच्या रूपात पडून राहते, आणि ज्या ज्येष्ठांनी एके काळी त्याच रंगमंचावर भूमिका केल्या, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आजही दूरचित्रवाणी संचाला जोडलेला डीव्हीडी प्लेअर हेच एकमेव ओळखीचे साधन असते. त्यांच्या हाती रिमोटवर चालणारी, मेनू असलेली तबकडी द्यावी, या हेतूने फोंडा तालुक्यातल्या आमच्या नाट्यमंडळाच्या चित्रीकरणांसाठी मी ‘डीव्हीडीस्टायलर’ हे सॉफ्टवेअर वापरत आलो आहे. ते विनामूल्य आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रणालींवर ते चालते. त्याच्याविषयी सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच, की संगीत नाटकासारख्या तीन तासांच्या प्रयोगाला मेनूची खरी गरज असते आणि ती गरज हे सॉफ्टवेअर उत्तम रीतीने भागवते.

आधी एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी दुकानांतही गोंधळ आढळतो. कोऱ्या डीव्हीडीवर एमपी४ फाइल जशीच्या तशी उतरवली म्हणजे ती चित्रपटाच्या डीव्हीडीसारखी चालेल असे नाही. आमच्या मंडळाने पूर्वी एका दुकानातून करून घेतलेल्या प्रती अशाच निघाल्या : संगणकावर व्यवस्थित चालायच्या, पण जुन्या प्लेअरमध्ये घातल्या की पडद्यावर तबकडी वाचता येत नसल्याची सूचना यायची. डीव्हीडी-व्हिडिओचा साचा १९९६ साली बाजारात आला आणि तो आजही तसाच काटेकोर आहे. चित्र एमपेग-२ (किंवा क्वचित जुन्या एमपेग-१) या पद्धतीने संकेतबद्ध असावे लागते. आपल्याकडच्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत त्याचा आकार सहसा ७२० गुणिले ५७६ बिंदू आणि वेग सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) असतो. ध्वनी ४८ किलोहर्ट्‌झवर एसी-३, एमपेग किंवा पीसीएम अशा ठरावीक प्रकारांपैकी असावा लागतो, आणि हे सारे ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये व्हॉब, आयएफओ आणि बीयूपी या प्रकारच्या फाइलींत विभागून ठेवावे लागते. व्हॉब फाइलींत प्रत्यक्ष चित्र आणि ध्वनी असतात, आयएफओ फाइलींत कोणते बटण दाबल्यावर कुठे जायचे याची सर्व माहिती असते. बीयूपी ही तिचीच राखीव प्रत. ही बांधणी हाताने करणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. डीव्हीडीस्टायलर ती पडद्याआड करते : चित्र-ध्वनीचे रूपांतर एफएफएमपेगकडून आणि तबकडीची रचना डीव्हीडीऑथरकडून करून घेते. ही दोन्ही साधने मुळात आज्ञा टंकून वापरण्याची आहेत. डीव्हीडीस्टायलरने त्यांना माउसने हाताळता येईल असे रूप दिले, हे त्याचे मोठे श्रेय आहे.

काम सुरू करताना प्रकल्पाचे नाव, तबकडीची क्षमता, पाल की एनटीएससी (अमेरिका-जपानकडची पद्धत) आणि चित्राचे गुणोत्तर ४:३ की १६:९ हे विचारले जाते. भारतात पाल निवडावे. गुणोत्तर मात्र चित्रीकरण पाहूनच ठरवावे, कारण जुन्या कॅसेटवरून संगणकावर घेतलेले प्रयोग ४:३ असतात आणि हल्लीच्या कॅमेऱ्यांचे १६:९. येथे निवड चुकली की पात्रे एक तर उंच-काटकुळी दिसतात, नाही तर आडवी पसरतात. मोबाइल उभा धरून घेतलेल्या चित्रीकरणाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार; ते घालवायचे तर चित्र वर-खाली कापावे लागते.

आता मेनूविषयी. संगीत नाटक पाहणारा ज्येष्ठ रसिक बहुतेक वेळा नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहण्यासाठी तबकडी लावत नाही. त्याला दुसऱ्या अंकातले एखादे पद ऐकायचे असते, ऑर्गनवर कोण बसले होते ते पाहायचे असते, किंवा नांदी पुन्हा एकदा ऐकायची असते. म्हणून मी प्रत्येक अंक स्वतंत्र शीर्षक (टायटल, म्हणजे तबकडीवरचा स्वतंत्र चित्रभाग) म्हणून घेतो आणि अंकातल्या प्रत्येक पदाच्या प्रारंभी प्रकरणखूण (चॅप्टर, म्हणजे थेट उडी मारण्याची जागा) घालतो. डीव्हीडीच्या नियमांनुसार एका तबकडीवर ९९ शीर्षके आणि एका शीर्षकात ९९ प्रकरणे बसू शकतात, तेव्हा जागेची चिंता नाही. मुख्य मेनूवर ‘संपूर्ण नाटक’, ‘अंक’ आणि ‘पदे’ अशी तीनच मोठी बटणे ठेवावीत आणि ‘पदे’ दाबल्यावर दुसरे पान उघडून तेथे पदांची यादी यावी, ही मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते. प्रत्येक बटणाच्या गुणधर्मांत ते कोणत्या शीर्षकातल्या कोणत्या प्रकरणावर न्यायचे हे निवडता येते, आणि शीर्षक संपल्यावर मेनूवर परतायचे की पुढच्या अंकात जायचे तेही ठरवता येते. हा शेवटचा तपशील क्षुल्लक नाही : पहिला अंक संपल्यावर प्रेक्षकाला पुन्हा रिमोट शोधायला लावणे हे वृद्ध प्रेक्षकाच्या दृष्टीने त्रासाचेच आहे.

प्रकरणखूण घालताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. एमपेग-२ मध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्र नसते. पूर्ण चित्र काही चौकटींनंतर येते आणि मधल्या चौकटी त्याच्या आधाराने घडवल्या जातात. त्यामुळे खूण तंतोतंत त्या क्षणी न बसता सुमारे अर्ध्या सेकंदाने इकडेतिकडे होऊ शकते. पदाच्या पहिल्या शब्दावर खूण ठेवली तर तो शब्दच कापला जाण्याचा धोका राहतो. संवादाचा शेवट आणि सुरावटीची सुरुवात यांच्यामध्ये जो लहानसा विराम असतो, तेथे खूण ठेवली की पद पूर्ण ऐकू येते.

मेनूचे दृश्यरूप ठरवताना सोबत दिलेले तयार नमुने उपयोगी पडतात; पण ते वाढदिवस, प्रवास, लग्न अशा घरगुती प्रसंगांना शोभणारे आहेत आणि नाटकाच्या गांभीर्याशी त्यांचा मेळ बसत नाही. सुदैवाने पार्श्वभूमीला आपले स्वतःचे चित्र लावता येते. नाटकाचे नाव, श्रेयनामावली आणि पदांची यादी आधी जिंप किंवा इंकस्केपसारख्या विनामूल्य चित्र-सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीत रेखीवपणे मांडून, ते चित्र पार्श्वभूमी म्हणून घ्यावे आणि बटणे त्यावर ठेवावीत, असे मी सुचवतो. याचे कारण तांत्रिक आहे. निवडलेले बटण उजळून दाखवण्यासाठी डीव्हीडीत जो वेगळा थर असतो त्यात एका वेळी फक्त चार रंग मावतात, आणि त्यांतला एक सहसा पारदर्शक ठेवावा लागतो. म्हणून तो थर अक्षरांसाठी न वापरता अक्षरांच्या डावीकडे एक साधा ठिपका किंवा खाली एक जाड रेघ उजळवण्यासाठी वापरला, तर काना-मात्रा आणि जोडाक्षरे पार्श्वभूमीतल्या चित्रात जशी आहेत तशीच सुबक राहतात. अक्षरे मोठी ठेवावीत. जुन्या संचांच्या पडद्यावर चित्राच्या कडा कापल्या जातात, म्हणून चारही बाजूंनी सुमारे दहावा हिस्सा मोकळा सोडावा. हे सुरक्षित क्षेत्र पडद्यावर चौकटीने दाखवण्याची सोय येथे आहे, तिचा अवश्य उपयोग करावा.

बाणांच्या कळांनी एका बटणावरून दुसऱ्यावर जाण्याचा क्रम सॉफ्टवेअर आपोआप ठरवते, आणि बटणे सरळ रांगेत असतील तर तो बरोबर येतो. यादी दोन स्तंभांत मांडली आणि बटणे थोडी वरखाली झाली, तर ‘खाली’चा बाण दाबल्यावर निवड भलत्याच पदावर उडी मारू शकते. अशा वेळी प्रत्येक बटणाच्या गुणधर्मांत डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली कोणते बटण असावे हे हाताने नेमून द्यावे. काम किचकट आहे, पण रिमोट घेऊन बसलेल्या माणसाला तबकडी सोपी वाटते की अवघड, हे यावरच अवलंबून असते.

या सॉफ्टवेअरची मला जाणवलेली मुख्य उणीव येथेच आहे. बटण दाबल्यावर काय होईल हे मांडणी करत असतानाच तत्काळ पाहता येत नाही. तबकडीची सर्व सामग्री तयार झाल्यावरच पूर्वावलोकन होते, आणि तीन तासांच्या चित्रीकरणाचे रूपांतर व्हायला बराच वेळ लागतो. यावर उपाय म्हणजे मूळ फाइलींऐवजी काही सेकंदांचे तुकडे घालून आधी केवळ मेनूची चाचणी करणे, ती व्हीएलसी प्लेअरमध्ये पाहणे, आणि सर्व वाटा ठीक आहेत अशी खात्री झाल्यावरच खऱ्या फाइली घेणे.

चित्राच्या दर्जाचा प्रश्न हा शेवटी जागेच्या हिशेबाचा प्रश्न आहे. एका थराच्या साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ अब्ज बाइट असते, जी संगणक बहुधा सुमारे ४.३७ जीबी म्हणून दाखवतो. दोन तासांचे चित्रीकरण तीत बसवायचे तर चित्र आणि ध्वनी मिळून सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, आणि हे प्रमाण समाधानकारक आहे. तीन तास बसवायचे ठरवले तर तेच प्रमाण साडेतीन मेगाबिटांच्या आसपास उतरते आणि त्याचे परिणाम डोळ्यांना दिसतात : मागच्या पडद्याचा गडद रंग चौकोनी ठिपक्यांत फुटतो आणि पात्र झपाट्याने वळले की चेहरा क्षणभर पुसट होतो. रात्रीच्या प्रयोगाचे, कमी उजेडातले चित्रीकरण मुळातच खरखरीत असते आणि ती खरखर टिपण्यात उपलब्ध जागा आणखी वाया जाते. डीव्हीडीस्टायलर फाइलींची एकूण लांबी पाहून प्रमाण आपोआप ठरवते, ही सोय चांगली आहे. पण ते नाटक दोन तबकड्यांत विभागून देत नाही. म्हणून मध्यंतराच्या जागी फाइल कापून दोन तबकड्या कराव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे. साडेआठ अब्ज बाइटांच्या दुहेरी थराच्या तबकड्याही मिळतात, परंतु त्या महाग असतात आणि जुने प्लेअर त्या वाचताना अधिक वेळा अडखळतात.

संगीत नाटकात ध्वनीवर कंजुषी करू नये. एसी-३ निवडून सेकंदाला २५६ किलोबिट किंवा त्याहून अधिक द्यावेत. चित्राच्या तुलनेत ही जागा नगण्य आहे आणि तबल्याची थाप व ऑर्गनचा भरणा त्यामुळे टिकून राहतो. मोबाइलवरच्या चित्रीकरणात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मोबाइल सहसा सेकंदाला ३० चौकटी टिपतो, आणि त्याही सदैव समान वेगाने टिपतोच असे नाही. २५ चौकटींत आणताना हालचालीत बारीक झटके येतात आणि लांबलचक फाइलीत ओठ व आवाज यांचा मेळ हळूहळू सुटू शकतो. अशी फाइल हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाची करून घ्यावी आणि मगच डीव्हीडीस्टायलरला द्यावी. पुढच्या प्रयोगाच्या वेळी कॅमेऱ्यातच २५ चौकटींची निवड करता आली तर हा सारा खटाटोप वाचतो.

पर्यायांचा विचार थोडक्यात करतो. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या काही आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टचे ‘डीव्हीडी मेकर’ अंगभूत होते, ते विंडोज ८ पासून काढून टाकले गेले. ‘डीव्हीडी फ्लिक’ हेही विनामूल्य आणि नवशिक्याला सोपे आहे, परंतु ते केवळ विंडोजसाठी आहे आणि त्याचे मेनू ठरावीक साच्यांचे असल्यामुळे पदांच्या यादीसारखी स्वतःची मांडणी त्यात करता येत नाही. ज्यांच्या घरी यूएसबीची खाच असलेला नवा दूरचित्रवाणी संच आहे त्यांना पेनड्राइव्हवर एमपी४ द्यावी. त्यांना डीव्हीडी देणे म्हणजे चित्राचा दर्जा विनाकारण उतरवणे आहे, कारण १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्रातले जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके बिंदू डीव्हीडीत उरतात. याच कारणासाठी डीव्हीडी तयार झाली म्हणून मूळ फाइल पुसून टाकू नये.

तबकडी लिहिताना डीव्हीडी-आर प्रकारची, ख्यातनाम कंपनीची कोरी तबकडी घ्यावी आणि लेखनाचा वेग ४एक्स किंवा ८एक्स एवढाच ठेवावा. वर कागदी लेबल चिकटवू नये : गोव्याच्या पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, त्याच्या कडा सुटतात आणि फिरताना तबकडीचा तोल बिघडतो. पाण्याच्या शाईच्या मार्करने वरच्या बाजूला नाव लिहावे आणि तबकडी प्लास्टिकच्या डबीत, उन्हापासून दूर, कोरड्या कपाटात उभी ठेवावी.

लेखनाच्या खिडकीत थेट तबकडी लिहिण्याबरोबरच आयएसओ प्रतिमा, म्हणजे संपूर्ण तबकडीची एकाच फाइलीतली नक्कल, तयार करण्याचाही पर्याय आहे. मी नेहमी तोच निवडतो आणि ती प्रतिमा मूळ फाइलींसोबत मंडळाच्या हार्ड डिस्कवर ठेवतो. पुढे एखाद्या कलाकाराच्या घरच्यांनी प्रत मागितली, की रूपांतराचा वेळ पुन्हा न घालवता मेनू, पदांची यादी आणि प्रकरणखुणा यांसह तीच तबकडी काही मिनिटांत लिहून देता येते.