काचेवरचा नमुना पाहून गाडी कुणाच्या हाती देऊ नका

वणी-पांढरकवडा पट्ट्यातल्या गाडीवाल्यांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण गाडीवर उडालेला रंग काढून देतो म्हणत मला फसवणारा माणूस अजून याच भागात फिरून राहिला आहे.

दसऱ्याच्या आधी इकडच्या जिनिंगांमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांत, शेड रंगवायची घाई असते. कापूस यायला लागला की मग कोण रंगवतो! आमच्या गावाजवळच्या जिनिंगचे टिनाचे शेड कॉम्प्रेसर लावून रेड ऑक्साइडने, म्हणजे गंज रोखायच्या तांबड्या रंगाने, मारणं सुरू होतं आणि त्या दिवशी वाराही चांगलाच सुटला होता. माझी पांढरी डिझायर रस्त्यापलीकडे कृषी केंद्रासमोर उभी होती. संध्याकाळी पाहतो तर बोनेट, टप, डावी बाजू, समोरची काच, सगळीकडे तिखट भुरभुरल्यासारखे तांबडे ठिपके. पुसून निघेनात, हाताला खरखर लागे.

एक-दोन दिवसांतच मोटारसायकलवर एक जण दारात हजर. पाठीवर बॅग, हातात कार्ड, कार्डावर नागपूरचा पत्ता. "काका, जिनिंगचा रंग उडाला ना गाडीवर? अजून थांबाल तं पक्का बसून जाईन तो. माह्याजवळ इम्पोर्टेड केमिकल आहे." माझ्या गाडीवर रंग उडाल्याचं याला कळलं कसं? रंगवणाऱ्या पोरांपैकी कुणी निरोप दिला असावा, असा माझा संशय आहे. पुरावा काही नाही.

त्याची खरी चलाखी नमुन्यात होती. त्याने समोरच्या काचेवर कसलं तरी पाणी फवारलं, ब्लेड आडवं धरून एक हात मारला आणि वीतभर काच लख्ख करून दाखवली. आजूबाजूच्या चार लोकांनी "वा" म्हटलं. पण काचेवरून रंग काढणं हे काही कसब नाही. साबणाचं पाणी आणि नवीन ब्लेड असलं की कुणालाही जमतं. काच कडक असते, तिच्यात रंग मुरत नाही. गाडीच्या पत्र्याची गोष्ट वेगळी, तिथे रंगावरून रंग काढायचा असतो. म्हणजे नमुना दाखवला काचेवर आणि सौदा केला पत्र्याचा.

साडेचार हजार ठरले. मग "सिरॅमिक कोटिंग मारून देतो, तीन वर्षं गॅरंटी" म्हणत सात हजारांवर नेले. सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंग जपायला वरून द्यायचा पारदर्शक थर. अर्धे आधी फोनवरून घेतले, अर्धे नंतर रोख. फोनवर नाव आलं ते कार्डावरच्या नावापेक्षा निराळं. विचारलं तर म्हणे, "मोठ्या भावाचं खातं आहे जी." गाडी त्याने गोठ्याच्या सावलीत घ्यायला लावली, ऊन लागलं तर केमिकल वाळते म्हणून. मला कामासाठी तहसीलला जायचं होतं. परत आलो तेव्हा गाडी चकचकीत आणि पठ्ठ्या निघायच्या तयारीत. बिल मागितलं तर "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो."

चमक पहिल्या धुण्यापर्यंतच टिकली. उन्हात उभी केली तर बोनेटवर गोल गोल ओरखड्यांचं जाळं. हेडलाइटच्या आत नाही, वरच्याच थरात बारीक तडे आणि धुरकटपणा. बंपरची काळी पट्टी पांढुरकी. डावा मागचा दरवाजा तर फुगून सुरकुतलेला. रात्री समोरून ट्रक आला की काचेवर कमानीसारख्या रेघा चमकत.

गोठ्यामागे त्याने टाकलेले फडके सापडले. काही तांबडे, काही गुलाबी, आणि दोन चक्क पांढरे. तांबडा रंग जिनिंगचा, पांढरा माझ्या गाडीचा! सोबत घासून बोथट झालेला वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर, आणि थिनरची रिकामी बाटली. वास ओळखीचा होता, फर्निचर पॉलिशवाले वापरतात तोच. हेच ते इम्पोर्टेड केमिकल.

नंतर नागपूरच्या एका डेंटर-पेंटरने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावून दाखवलं आणि नीट समजावून सांगितलं. कंपनीचा रंग सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम 40-50. वॉटर पेपर फिरवला की तोच आधी जातो, आणि कडांवर तर लगेच. कंपनीत भट्टीत भाजलेला रंग थिनरला थोडा वेळ तरी दाद देत नाही, पण बाहेर रंगवलेला पार्ट उकलतो. माझा तो दरवाजा मागे बैलबंडी घासल्यामुळे गॅरेजात रंगवलेला होता. हेडलाइटचं कव्हर काच नसून प्लास्टिक असतं, त्याला थिनर लागला की तडे जातात. आणि कोटिंग म्हणून जे फासलं ते साधं सिलिकॉन पॉलिश. ओरखडे बुजतात, शाम्पूने निघून जातं. खऱ्या कोटिंगला आधी रंग साफ आणि सपाट करावा लागतो, नंतर कित्येक तास वाळू द्यावं लागतं. दुपारच्या चहापर्यंत होणारं ते काम नाही.

मग बरोबर काय होतं? गाडी आधी भरपूर पाण्याने धुवायची, म्हणजे धूळ घासली जात नाही. मग क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेइतका मऊ गोळा, शाम्पूच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायचा. ठिपके त्याला चिकटून निघतात. गोळा सारखा मोडून नवी बाजू वर घ्यायची. खाली पडून माती लागली तर तो फेकायचा, परत वापरायचा नाही. रेड ऑक्साइड तेलाचा असतो, त्यामुळे ताजा असताना टर्पेंटाइनने भिजवलेलं कापड थोडा वेळ टेकवलं तर तो नरम पडतो. लगेच धुऊन टाकायचं, आणि आधी दाराच्या आतल्या कडेवर करून पाहायचं. काचेवर ब्लेड चालतं, पण ओल्या, धुतलेल्या काचेवर. त्या बॅगवाल्याने नमुन्याच्या वेळी पाणी मारलं, बाकी काच धुळीसकट कोरडीच खरवडली, रेघा त्याच्याच.

कार्डावरच्या पत्त्यावर भाचा जाऊन आला. तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही सांगून झालं, पण बिल नाही म्हटल्यावर धागा बारीकच. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवले.

खरा घोळ पुढे झाला. हे सगळं घेऊन मी शेड रंगवणाऱ्या ठेकेदाराकडे गेलो. रंग त्याच्या माणसांनी उडवला, भरपाई त्याने द्यायची. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "कुठाय रंग? दाखवा तं खरं." दाखवायला उरलं होतं काय? फोटो एकही नव्हता. सात हजार घेऊन त्या माणसाने माझ्या दाव्याचा पुरावासुद्धा घासून नेला होता.

परवा पांढरकवड्याहून एका ओळखीच्याचा फोन आला. त्यांच्याकडेही शेड रंगवणं सुरू आहे, काळ्या स्कॉर्पिओवर ठिपके पडलेत, आणि बॅगवाला एक जण समोरची काच साफ करून दाखवतो आहे म्हणे. मी म्हटलं, त्याले बसव, चहा पाज, गाडीले हात लावू देऊ नको. ठिपक्यांचे फोटो जवळून काढ, मागे शेड दिसलं पाहिजे. मग ठेकेदाराले बोलाव, आणि मंग पोलिसाले.