पैदाशीच्या डुकरांची ताण-जनुक तपासणी: हॅलोथेन, सीके की डीएनए?

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे वराहपालन सुरू करताना शेड, खाद्य आणि लसींचा हिशेब चोख मांडला जातो. पैदाशीचा नर मात्र पुठ्ठ्याची गोलाई बघून ठरतो. गोम नेमकी तिथंच आहे. ताणाने अचानक मरण्याचा दोष ज्या जनुकातून येतो, त्याच जनुकामुळे अंगावर चरबी कमी आणि मांस जास्त दिसतं. त्यामुळे चांगला नर निवडता निवडता परदेशातल्या पैदासकारांनी नकळत हा दोषही वाढवला. पिएत्रें जातीत तो फार पसरला, लँडरेसच्या काही वंशांतही आहे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि ड्युरॉकमध्ये प्रमाण कमी असतं.

स्नायूपेशीत कॅल्शियम सोडणारी एक खिडकी असते. आरवायआर-१ या जनुकात १८४३ क्रमांकाचं एकच अक्षर बदललं, की ही खिडकी उघडते ती वेळेवर मिटत नाही. गाडीत चढवणं, मारामारी, समागम, कडक ऊन, यांपैकी काहीही निमित्त पुरतं. शेपटी थरथरते, पाय ताठरतात, कातडीवर लाल-निळे चट्टे उठतात, जनावर तोंड उघडून धापा टाकतं. ताप ४१-४२ अंशांवर जातो आणि बऱ्याचदा काही मिनिटांत खेळ संपतो. हा बदल १९९१ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी शोधला. तो सगळ्या जातींत एकच असल्यामुळे कुठल्याही जातीला तीच चाचणी चालते.

दोष अप्रभावी आहे. आई-बापाकडून एकेक आलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर जनावर बाधित, एक असली तर वाहक, एकही नसली तर शुद्ध. वाहक जनावर बाहेरून ठणठणीत दिसतं. कुठलीही चाचणी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: वाहक सापडतो का?

हॅलोथेन चाचणीत तो सहसा सापडत नाही. साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या पिल्लाला मास्क लावून ऑक्सिजनमधून ३ ते ५ टक्के हॅलोथेन हा भुलीचा वायू ३ ते ५ मिनिटं देतात. पाय ताठरले की लगेच थांबवायचं. उशीर झाला तर पिल्लू टेबलावरच जातं. वायूची मात्रा राखणारं यंत्र (व्हेपोरायझर) आणि पशुवैद्यक हवाच, शिवाय हा वायू माणसाच्या यकृतालाही बरा नाही. एवढं करून फक्त बाधित पिल्लं कळतात. नर वाहक आहे का हे याच पद्धतीने शोधायचं, तर त्याला बाधित मादीवर सोडून पिल्लं तपासावी लागतात. वाहक नराची आठही पिल्लं निरोगी निघण्याची शक्यता २५६ मध्ये १, म्हणजे उत्तर भरवशाचं मिळतं. पण गाभणकाळाचे ११४ दिवस, वर आठ आठवडे, शिवाय मुद्दाम बाधित मादी सांभाळायची. आज नवीन युनिटवाल्याने या वाटेला जाऊ नये.

सीके, म्हणजे रक्तातल्या क्रिएटिन कायनेजची चाचणी स्वस्त वाटते. पण स्नायूला कुठेही इजा झाली की हा आकडा चढतो: मारामारी, स्नायूत दिलेलं इंजेक्शन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची कमतरता. शुद्ध आणि वाहक जनावरांचे आकडे एकमेकांत मिसळतात. यावरून नर ठेवायचा की काढायचा हे ठरवू नका.

डीएनए चाचणी शुद्ध, वाहक आणि बाधित हे तिन्ही वेगळे दाखवते. वयाची अट नाही आणि जनावराच्या आयुष्यात ती एकदाच करावी लागते. शुद्ध नर आणि शुद्ध मादी यांची पिल्लं तपासायची गरजच नाही. द्राक्षवाला देठ परीक्षणाशिवाय खताचा डोस ठरवत नाही. इथं तर एक नर वर्षभरात कित्येक वेतं काढतो.

खर्च जपायचा असेल तर आधी सगळे नर तपासा. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या वराहपालन युनिटात १०० माद्यांमागे १० नर धरले आहेत, म्हणजे ११० ऐवजी १० नमुने. नर शुद्ध असला तर मादी वाहक असूनही बाधित पिल्लू जन्मत नाही, निम्मी पिल्लं वाहक निघतील एवढंच. दोघेही वाहक असले तर सरासरी चारातलं एक पिल्लू बाधित. कृत्रिम रेतनासाठी वीर्य विकत घेत असाल तर त्या नराचा अहवाल मागा. माद्या तपासायच्या त्या पैदाशीची पिल्लं विकणार असाल किंवा स्वतःच्याच वेतातला नर ठेवणार असाल तर.

नमुना म्हणून केसांची मुळं सोयीची. पाठीवरचे २०-३० राठ केस चिमट्याने उपटा, कापू नका. डीएनए मुळाच्या गाठीत असतो, कापलेल्या केसातून फारसं काही हाती लागत नाही. प्रत्येक जनावरामागे हातमोजे बदला, चिमटा पुसून घ्या, केस कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर तिथल्या तिथे लिहा. शेडमधून घरी येऊन आठवणीने नंबर घालणं हा सगळ्यात महागडा घोळ. रक्त देणार असाल तर रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत २-३ मिली. हेपॅरिनची नळी चालत नाही, ते डीएनएच्या प्रती वाढवणारी पीसीआर प्रक्रियाच अडवतं. तोंडाला फास लावून दुपारच्या उन्हात रक्त काढणं बाधित जनावराच्या जिवावर बेतू शकतं. सकाळचा गारवा साधा.

प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा. उत्तर तीन गटांत देणार की नुसतं ‘आहे-नाही’? आणि तिन्ही प्रकारचे माहीत असलेले नमुने सोबत चालवता का? जनुकाचा तुकडा एन्झाइमने कापून बघायच्या पद्धतीत निरोगी प्रत कापली जाते, सदोष प्रत अखंड राहते. कापणी अर्धवट झाली तर शुद्ध जनावर वाहक ठरतं आणि चांगला नर हकनाक विकला जातो.

शुद्ध अहवाल आला म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी कसारा घाटातून गाडी खच्चून भरून न्यायची मुभा मिळत नाही. डुकराला घाम जवळपास येत नाही, उष्माघात जनुक विचारत नाही. लिंग गुणसूत्रावरच्या डिस्ट्रोफिन जनुकातला असाच एक ताणविकार २०१२ मध्ये अमेरिकेत सापडला आहे, तो या चाचणीत दिसत नाही. एकापाठोपाठ जनावरं ताप येऊन, कातडी लालसर होऊन मरू लागली तर जनुकाचा विचार बाजूला ठेवा. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग २०२० पासून देशात आहे. विक्री आणि ये-जा थांबवून लगेच पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा.

बाधित किंवा वाहक असलेले मांसल नर परदेशात कत्तलीच्या पिल्लांसाठी वापरले गेले आहेत, कारण तिथं चरबीविरहित मांसाला जादा दर मिळतो. जिवंत वजनावर विकणाऱ्याला तो दर कोण देणार? उलट कत्तलीनंतर ४५ मिनिटांत मांसाचा सामू (पीएच) ६ च्या खाली गेला की मांस फिकट, लिबलिबीत आणि पाणी सोडणारं होतं आणि खाटीक पुढच्या खेपेला भाव पाडतो. वाहक नर पैदाशीतून काढाच. वाहक मादी चांगली वेतं देत असेल तर शुद्ध नराखाली ठेवता येते, फक्त तिची पिल्लं न तपासता पैदाशीसाठी विकायची नाहीत. बाधित जनावर कत्तलीला पाठवताना पहाटे, अंगावर पाणी मारून, अनोळखी डुकरांत न मिसळता आणि काठी न उगारता चढवा.