हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला जाताना खोलीचे पैसे बुडतात ते असे

रात्रीचे साडेअकरा. हॅनोव्हरच्या लिस्ट भागातल्या एका चार मजली इमारतीच्या बंद दारात दोन माणसे चार बॅगा घेऊन उभी. रस्त्याचे नाव बरोबर, घर क्रमांक बरोबर, जाहिरातीतल्या फोटोत दिसणारा हिरवा दरवाजाही समोर. पण जर्मनीत बेलच्या पट्टीवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असते. आठ बेल होत्या आणि घरमालकाचे आडनाव त्यातल्या एकीवरही नव्हते. विचारायला वॉचमन नसतो. मालकाचा फोन बंद.

हे दोघे भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचे. पैसे जाऊन तोवर दहा आठवडे झाले होते. प्रदर्शनाच्या काळातली फसवणूक बहुतेक वेळा अशीच असते: ती युरोपच्या रस्त्यावर होत नाही, इथल्या ऑफिसात, चहाच्या कपाशेजारी, कामाच्या गडबडीत होते. तिकडे गेल्यावर फक्त कळते. म्हणून पाकीट सांभाळण्याच्या सूचना शेवटी, आधी हे.

हॅनोव्हर हे साधारण साडेपाच लाख वस्तीचे शहर. 1947 पासून तिथे औद्योगिक प्रदर्शन भरते आहे आणि तिथले प्रदर्शनाचे मैदान जगातल्या सर्वांत मोठ्या मैदानांमध्ये मोडते. त्या आठवड्यात शहराला खोल्या पुरत नाहीत. युद्धानंतरच्या काळापासून तिथल्या बायका घरातली एखादी खोली प्रदर्शनाच्या पाहुण्यांना देत आल्या, त्यांना तिकडे ‘मेसेमुटी’, म्हणजे प्रदर्शनातल्या आया, असे लाडाचे नावच पडले. ही पद्धत खरी आहे, आजही चालते, आणि ठग नेमका तिचाच आडोसा घेतो. खाजगी घरात राहणे संशयास्पद वाटत नाही, कारण तिथे ते पूर्वापार चालत आले आहे. भारत 2006 आणि 2015 मध्ये या प्रदर्शनाचा भागीदार देश होता. पुणे, चाकण, भोसरी, कोल्हापूरकडून जाणाऱ्यांची सवय जुनी आहे, तरी दर वर्षी पहिल्यांदाच जाणारे कोणीतरी असतेच.

तर त्या दोघांचे काय झाले. हॉटेलांचे दर तिप्पट दिसत होते. एका साइटवर पाच रात्रींसाठी दोन खोल्यांचा फ्लॅट दिसला, रात्रीचे 140 युरो. मालकाने लगेच उत्तर दिले, गोड इंग्रजीत: मी सध्या स्पेनमध्ये नोकरीला आहे, किल्ली बहीण देईल, साइटचे कमिशन कशाला भरता, थेट मेलवर बोलू. इथे पहिला दोर तुटला. साइटच्या बाहेर पैसे गेले की साइटची कसलीही हमी उरत नाही, तक्रार केली तरी ‘व्यवहार आमच्याकडे झालाच नाही’ हे उत्तर येते आणि ते नियमाला धरून असते.

मग पीडीएफ करार आला, सोबत मालकाच्या पासपोर्टची प्रत. विश्वास बसला तो त्या पासपोर्टमुळे. हे नीट लक्षात घ्या: अशा व्यवहारात आलेला पासपोर्ट बहुधा खरा असतो, पण तो आधी फसलेल्या कोणाचा तरी असतो. करारासाठी तुमचाही पासपोर्ट मागतात, आणि तुमची प्रत पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला वापरली जाते. पाठवणे भागच असेल तर प्रतीवर आडवे, फोटोवरून जाईल असे लिहा: कोणाला दिली, कशासाठी, कोणत्या तारखेला.

रक्कम सातशे युरो भाडे आणि तीनशे डिपॉझिट. म्हणजे सुमारे लाख रुपये. बँकेतून ए-टू फॉर्म भरून परदेशी ट्रान्सफर झाली. खाते क्रमांक, म्हणजे आयबॅन, जर्मन नव्हताच. जर्मन आयबॅन ‘डीई’ या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यात एकूण 22 अक्षरे-आकडे असतात. घर हॅनोव्हरला, मालक स्पेनला आणि खाते तिसऱ्याच देशात, तर तिथेच थांबायचे. आयबॅनमधले तिसरे-चौथे आकडे हे तपासणीचे आकडे असतात, ते जुळले म्हणजे क्रमांक लिहिताना चूक नाही एवढेच ठरते, खाते कोणाचे आहे हे नाही. आपल्या बँकेने पाठवलेले पैसे तिकडे बहुतेक वेळा क्रमांक पाहून जमा होतात, तुम्ही लिहिलेले नाव कोणी ताडून पाहील अशा भरवशावर राहू नका.

मग खोली घ्यायची कशी? आमचे स्पष्ट मत: पहिल्या फेरीला शहरातल्या खाजगी खोलीच्या मागे लागू नका. हिल्डेसहाइम साधारण 30 किलोमीटरवर आहे, त्सेले 40, ब्राउनश्वाइग 60. गटिंगेन शंभरेक किलोमीटरवर असले तरी आयसीई या वेगवान गाडीने पस्तीस-चाळीस मिनिटांत हॅनोव्हर येते. या गावांतल्या साध्या हॉटेलात, रद्द करता येणाऱ्या दराने, हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून खोली घ्या. मुख्य स्टेशनवरून 8 नंबरची ट्राम थेट प्रदर्शनाच्या उत्तर दारापर्यंत, मेसे-नोर्डला जाते, वीस मिनिटे धरा. रोजची दगदग आहे, पण रात्री दाराबाहेर उभे राहण्यापेक्षा परवडते.

खाजगी घरच हवे असेल तर साइटमधूनच पैसे भरा. शिवाय मालकाला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि त्याला फोन हातात धरून रस्त्यावर यायला सांगा, रस्त्याची पाटी, बेलची पट्टी, मग जिना चढून खोलीचे दार, एका दमात, कॉल न तोडता. खऱ्या मालकाला याला पाच मिनिटे लागतात. ठगाकडे नेट खराब असते, कॅमेरा बिघडलेला असतो किंवा तो गावाबाहेर असतो.

कंपनीच्या नावाने कोणी खोल्या देत असेल तर तपासायची एक चांगली जागा आहे. जर्मनीत व्यावसायिक साइटवर ‘इम्प्रेसुम’ नावाचे पान कायद्याने सक्तीचे आहे. त्यात कंपनीचे पूर्ण नाव, पत्ता, संपर्क आणि नोंदणी असेल तर एचआरबी, म्हणजे कंपनी-नोंदणीचा, क्रमांक असतो. हा क्रमांक जर्मन सरकारच्या हांडेल्सरेजिस्टर, म्हणजे व्यापारी नोंदवहीच्या, साइटवर फुकट शोधता येतो. पान नसेल तर विषय संपला. पान असेल तरी ते दुसऱ्या चांगल्या कंपनीचे जसेच्या तसे उचललेले असू शकते, म्हणून त्या कंपनीचा फोन तुम्ही स्वतः वेगळीकडे शोधा आणि विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर खात्री करून घेणे म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणे.

स्टॉल घेणाऱ्यांना वेगळा सापळा लागतो, आणि तो जास्त महाग पडतो. प्रदर्शकांची यादी हॉल आणि स्टॉल क्रमांकासह साइटवर सगळ्यांना दिसते. ती पाहून फोन येतो: ‘तुमचा हॉल पाच मधला स्टॉल आहे ना, त्याच्या राहण्याच्या व्यवस्थेबद्दल बोलतोय, अजून खोल्या कन्फर्म केलेल्या दिसत नाहीत.’ फोन आयोजकांकडून आहे असे तो म्हणत नाही, पण ऐकणाऱ्याला तसेच वाटते. मग दरांचा फॉर्म येतो, आजच सही करा, कोटा संपतोय. सही करून स्कॅन पाठवली की करार झाला. बारीक अक्षरात लिहिलेले असते की बुकिंग रद्द केले तरी पूर्ण रक्कम द्यावी लागेल. पुढे तीनपैकी एक होते: खोल्या मिळतात पण शहरापासून लांब आणि दुप्पट दराने, किंवा ऐनवेळी हॉटेल बदलते, किंवा हॉटेलला तुमचे नावच माहीत नसते. उपाय एकच आहे. राहण्यासाठीचा अधिकृत भागीदार कोण, हे आयोजकांच्या साइटवर लिहिलेले असते, तेवढे पाहा. आणि पैसे भरण्याआधी थेट हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करून दोन प्रश्न विचारा: या एजन्सीने आमच्या नावावर खोली ठेवली आहे का, आणि तिचे पैसे तुम्हाला मिळालेत का? दुसरा प्रश्न लोक विसरतात. नाव ठेवलेले असते, पैसे पोचलेले नसतात आणि मुदत उलटली की हॉटेल खोली सोडून देते.

आता डिरेक्टरीचा, म्हणजे प्रदर्शकांच्या यादीतल्या नोंदीच्या नावाने येणारा, फॉर्म. हा कागद एकदा हातात घेऊन नीट पाहण्यासारखा आहे. वर प्रदर्शनाचे नाव ठळक. खाली तुमच्या कंपनीचे नाव, पत्ता, फोन आधीच छापलेला, त्यात एखादी बारीक चूक, पिनकोडचा आकडा वगैरे. ती चूक दिसली की हात आपोआप पेनकडे जातो. शेजारी वाक्य: माहिती तपासा, दुरुस्त करा, सही करून परत पाठवा; मूळ नोंद विनामूल्य. सहीच्या रेषेच्या खाली, राखाडी अक्षरात, खरा मजकूर: ही जाहिरातीची ऑर्डर आहे, मुदत तीन वर्षे, दर वर्षी हजार युरोच्या वर, मुदत संपण्याआधी लेखी कळवले नाही तर आपोआप पुढे चालू, आणि वाद झाल्यास न्यायालय तिसऱ्याच देशातले. हा कागद मालकाकडे येत नाही. तो येतो रिसेप्शनवर किंवा अकाउंट्सकडे, प्रदर्शनाआधीच्या पंधरवड्यात, जेव्हा आयोजकांचे खरे फॉर्मही ढिगाने येत असतात. म्हणून नियम करा की प्रदर्शनाच्या कुठल्याही कागदावर एकाच माणसाची सही होईल आणि तो माणूस कागदाचा तळ आधी वाचेल. प्रदर्शन उद्योगाची जागतिक संघटना यूएफआय या फॉर्मबद्दल वर्षानुवर्षे इशारे देत आली आहे.

याच दिवसांत ‘प्रदर्शनाला येणाऱ्या हजारो ग्राहकांची यादी विकत घ्या’ असे मेल येतात. ते सरळ पुसून टाका. स्टॉल बांधणाऱ्या ठेकेदाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल आला, तर जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. मेलच्या पत्त्यात एखादेच अक्षर बदललेले असते.

बुकिंगच्या ॲपमध्ये, हॉटेलच्याच चॅटमध्ये, ‘चोवीस तासांत कार्ड पडताळा, नाहीतर खोली रद्द’ असा संदेश आला तरी लिंक उघडू नका. हॉटेलचे खाते हॅक करून असे संदेश पाठवले जातात, त्यामुळे तारीख, नाव, रक्कम सगळे अचूक असते. आपल्याकडे ओटीपीची सवय असल्याने नुसत्या कार्ड क्रमांकाने काय होणार असे वाटते. परदेशी साइटवर अनेकदा ओटीपी विचारलाच जात नाही. प्रवासापुरते वेगळे कार्ड ठेवा, बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहारांची मर्यादा कमी ठेवा, लागेल तेव्हाच चालू करा.

व्हिसाचे थोडक्यात. शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना 90 युरो आहे, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान 30,000 युरोचा लागतो. अपॉइंटमेंटची जागा ‘मिळवून देण्याचे’ पैसे मागणारा दलाल असतो, अशा जागेला अधिकृत दर नाही. आणि प्रवेशिका अर्ध्या किमतीत विकणारा व्हॉट्सॲपवर भेटला तर हे माहीत असू द्या की प्रदर्शक आपल्या ग्राहकांना मोफत प्रवेशिकेचे कोड देतात. ज्याच्या स्टॉलवर जायचे आहे त्यालाच मेल करा.

तिथे पोचल्यावरची चोरी ठरावीक जागी होते. हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर खुर्चीला अडकवलेली लॅपटॉपची बॅग, बुफेच्या रांगेत जाऊन येईपर्यंत. फ्रँकफर्ट किंवा हॅनोव्हर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर कोटावर काहीतरी सांडवणारा आणि पुसायला धावणारा. शेवटच्या दिवशी, स्टॉल उतरवताना, सगळे लोक खोके बांधण्यात गुंतलेले असतात तेव्हाचा टॅब्लेट. साध्या कपड्यातला ‘पोलीस’ पाकीट तपासायला मागत असेल तर पाकीट हातात द्यायचे नाही. ओळखपत्र मागायचे आणि 110 ला फोन लावायचा. एटीएम किंवा दुकानाच्या मशीनने रुपयांत घेऊ का विचारले तर युरोच निवडा, रुपयांचा दर तुमच्या बँकेपेक्षा महाग असतो.

फसलात तर वेळ मोजून काम करा. कार्ड असेल तर आधी ॲपमधून बंद, मग बँकेला लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार तिसऱ्याच कोणी केलेल्या व्यवहाराची तक्रार तीन कामाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर बोजा येत नाही, मात्र माहिती तुम्ही स्वतःच दिली असेल तर तो मुद्दा बँक धरते. ट्रान्सफर केली असेल तर त्याच दिवशी शाखेत जाऊन रिकॉल, म्हणजे पैसे परत मागणारा, संदेश पाठवायला लावा आणि व्यवहाराचा माग काढायला लागणारा यूईटीआर क्रमांक लिहून घ्या. पैसे पुढे काढून घेतले गेले की रिकॉलचा उपयोग होत नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि सायबर पोर्टलवर नोंद भारतातून करता येते. जर्मनीत पोलिसांकडे ‘आन्त्साइगे’, म्हणजे फिर्याद, द्या आणि तिचा नोंद क्रमांक घेतल्याशिवाय ठाणे सोडू नका. विमा कंपनी तोच मागते. पासपोर्ट गेला असेल तर हॅनोव्हर ज्या राज्यात येते त्या नीडरझाक्सनचे काम भारताचा हॅम्बुर्गमधला वाणिज्य दूतावास पाहतो, आणि तिथेही हीच फिर्याद आधी लागते.

डिरेक्टरीच्या फॉर्मवर सही झाली असेल तर पैसे भरू नका. दिशाभूल करून सही घेतली, करार मान्य नाही, असे एकच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. त्यानंतर स्मरणपत्रे येतील, मग वसुली कंपनीच्या नावाने येतील, रक्कम दर वेळी वाढलेली असेल आणि मधेच ‘आज भरल्यास सूट’ असेही येईल. एखादे वर्ष भरून विषय मिटवू असे अकाउंट्सला वाटते. तसे एकदा भरले की करार मान्य केल्यासारखे होते आणि उरलेल्या दोन वर्षांची बिले सुरू होतात.